तक्त्याखालची तळटीप कापू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२०२५ च्या मे महिन्यात भारताने जपानला मागे टाकून जगातील चौथ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होण्याचा मान मिळवल्याची बातमी आपल्या दैनिकात पहिल्या पानावर आली होती आणि तिच्यासोबत पाच देशांचा एक रंगीत तक्ताही होता. तो तक्ता मी कापून ठेवला. तीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी आठ-दहा मुले आमच्या घरी जमतात आणि जागतिक बँक किंवा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या संकेतस्थळांवर सर्वांसाठी खुले असलेले आकडे उतरवून घेऊन आम्ही वर्तमानपत्रातल्या बातम्यांशी ताडून पाहतो. आपल्या तक्त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता, हे प्रथमच नमूद करतो. मूळ तक्त्याखाली ज्या दोन-तीन ओळींची तळटीप असते ती मात्र छापताना गळली होती, आणि ती गळल्यामुळे बरोबर आकड्यांतून वेगळाच अर्थ निघाला. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

नाणेनिधीच्या एप्रिल २०२५ च्या अहवालात भारताचे सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) ४,१८७.०२ अब्ज डॉलर आणि जपानचे ४,१८६.४३ अब्ज डॉलर असे दिले होते. हे दोन्ही आकडे झालेल्या उत्पादनाचे नसून होऊ घातलेल्या उत्पादनाचे अंदाज होते. शिवाय भारताच्या बाबतीत नाणेनिधीचे '२०२५' म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ हे आर्थिक वर्ष असते. नीती आयोगाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी चौथ्या क्रमांकाची घोषणा केली तेव्हा त्या वर्षाचे दोन महिनेही पुरे झाले नव्हते. आयोगाचेच सदस्य अरविंद विरमाणी यांनी पुढे ही प्रक्रिया चालू असून वर्षअखेरीस ती पूर्ण होईल असा आपल्याला विश्वास वाटतो, असे सांगितले. पण तो खुलासा ठळक मथळ्याच्या वाट्याला आला नाही.

दोन आकड्यांतला फरक सुमारे ५९ कोटी डॉलरचा, म्हणजे दहा हजारांत जेमतेम दीड भागाचा आहे. मुलांनी त्याचे गणित मांडले तेव्हा मलाही नवल वाटले. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर तो सव्वा पैशाने वाढताच एवढा फरक पुसला जातो. रुपया एका दुपारीही याच्या कितीतरी पट वर-खाली होतो. तेव्हा क्रमांक चौथा की पाचवा हे त्या तक्त्यावरून ठरतच नव्हते. दोन्ही देश सारखेच आहेत असे म्हणणे अधिक खरे ठरले असते. पुढे ऑक्टोबरच्या अहवालात नाणेनिधीने आपले अंदाज बदलले आणि त्याच वर्षासाठी जपान पुन्हा वर गेला, भारत पाचव्या स्थानी राहिला. भारतात त्या सहा महिन्यांत कारखाने बंद पडले होते असे नाही. मुख्यतः विनिमय दरांची गृहीतके हलली होती.

जपानची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१२ मध्ये एका डॉलरला सुमारे ८० येन पडत आणि त्या देशाचे उत्पादन डॉलरमध्ये सव्वासहा लाख कोटींच्या आसपास होते. २०२४ मध्ये डॉलरला दीडशेच्या वर येन मोजावे लागू लागले आणि तेच उत्पादन चार लाख कोटी डॉलरवर आले. नुसता डॉलरचा तक्ता पाहणाऱ्याला वाटेल की या देशाने बारा वर्षांत आपली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक संपत्ती गमावली. प्रत्यक्षात जपानचे उत्पादन येनमध्ये सुमारे पाचशे लाख कोटींवरून सहाशे लाख कोटींवर गेले आहे. वाढ मंद आहे, लोकसंख्या घटते आहे, पण तिला ऱ्हास म्हणता येत नाही. आपण जपानला गाठले यात आपल्या वाढीचा वाटा मोठा आहेच, आणि येनच्या घसरणीचा वाटाही लहान नाही. हे सांगण्याने भारताचे काही कमी होते असे मला वाटत नाही.

त्याच अहवालात दरडोई उत्पादनाचा रकाना होता: जपानचे सुमारे ३४ हजार डॉलर, भारताचे २,९०० च्या आत. बारा पटींचा हा फरक आपल्या तक्त्यात नव्हता. मात्र तेवढाच छापून गळा काढणेही बरोबर झाले नसते, कारण बाजारातल्या विनिमय दराने देशांचे राहणीमान मोजता येत नाही. सांगलीत ब्लाउज शिवून घ्यायला जी मजुरी पडते तिच्या कितीतरी पट मजुरी तेवढ्याच टाक्यांना टोकियोत द्यावी लागते, आणि खनिज तेलाचे पिंप मात्र दोन्हीकडे जवळपास एकाच भावाने येते. विनिमय दर ठरतो तो मुख्यतः तेलासारख्या सीमा ओलांडणाऱ्या वस्तूंच्या आणि भांडवलाच्या व्यवहारांतून. शिवणकाम, घरभाडे, शिकवणी, एसटीचे तिकीट यांचा त्यात फारसा हिशेब नसतो. म्हणून निरनिराळ्या देशांतल्या शेकडो वस्तू आणि सेवांचे भाव गोळा करून क्रयशक्तीच्या समतेचे दर, म्हणजे तेवढ्याच वस्तू-सेवा दोन्हीकडे घेता येतील असे दर, काढले जातात. त्या मापाने जपानी माणसाचे सरासरी उत्पन्न भारतीयाच्या बारा पट न राहता साडेचार ते पाच पट भरते, आणि एकूण उत्पादनात तर भारताने जपानला एका दशकापेक्षाही आधी मागे टाकले आहे. ती बातमी कधी पहिल्या पानावर आल्याचे मला आठवत नाही.

या समतेच्या मापालाही देवाची वाणी मानू नये. २००५ सालच्या भावांची आंतरराष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात चीनने प्रथमच आणि भारताने वीस वर्षांनी भाग घेतला. डिसेंबर २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा या दोन्ही देशांचे आकारमान आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी ठरले. चीनमधील भाव अकरा शहरे आणि त्यांच्या परिसरांतून घेतले होते, त्यामुळे खेड्यांतली स्वस्ताई निसटली, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. २०११ च्या भावांवर आधारलेली पुढची पाहणी २०१४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा भारताचा आकडा पुन्हा वर सरकला. आकडे असे खाली-वर झाले म्हणून कोट्यवधी माणसे गरीब झाली नव्हती की श्रीमंत झाली नव्हती.

मोजण्याची रीत बदलली की देश कसे उडी मारतात याची उदाहरणे जगभर आहेत. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या हिशेबाचे आधारभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाचे भाव आणि उद्योगांची रचना पाया म्हणून धरतात ते वर्ष, १९९० वरून २०१० वर आणले. मधल्या काळात उभे राहिलेले मोबाइल सेवेचे आणि चित्रपटांचे उद्योग हिशेबात धरले गेले आणि २०१३ चे उत्पादन ८९ टक्क्यांनी वाढून तो देश दक्षिण आफ्रिकेच्या पुढे गेला. आयर्लंडचा प्रकार उलट दिशेचा आहे. २०१५ या वर्षात त्या देशाची वाढ २६ टक्के झाल्याचे जाहीर झाले, पण त्याचे मोठे कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले बौद्धिक संपदेचे हक्क करसवलतीसाठी कागदोपत्री तिथे हलवले हे होते. डब्लिनच्या बसचालकाला त्या वाढीचा पत्ताही लागला नसावा. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने शेवटी देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे एक सुधारित माप वेगळे काढले आणि ते नियमाने छापण्यास सुरुवात केली. आपल्या आकड्यातली फुगवट आपणच दाखवून देण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडच्या उत्साहाला दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नाणेनिधीने त्या वर्षासाठी बांगलादेशाचे दरडोई उत्पादन १,८८८ डॉलर आणि भारताचे १,८७७ डॉलर राहील असा अंदाज दिला, आणि बांगलादेशही पुढे गेला म्हणून आपल्या देशात एकच हाकाटी झाली. टाळेबंदीमुळे भारताची अर्थव्यवस्था त्या वर्षी दहा टक्क्यांनी आक्रसेल असे त्या अंदाजात धरले होते आणि फरक अकरा डॉलरचा होता. क्रयशक्तीच्या मापाने भारत तेव्हाही स्पष्टपणे पुढे होता. २०२० चा विलाप आणि २०२५ चा जल्लोष एकाच प्रकारच्या तक्त्यावर उभे होते, आणि दोन्ही वेळा तळटीप कापलेली होती.

बांगलादेशाकडून शिकण्यासारखे खरोखरच काही आहे, पण ते त्या अकरा डॉलरमध्ये नाही. १९९० च्या सुमारास तिथे जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी शंभराच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. भारतात हे प्रमाण नव्वदीच्या आसपास होते. आज दोन्हीकडे ते पंचविशीच्या घरात आहे. म्हणजे या तीन दशकांतला बराच काळ आपल्यापेक्षा कमी उत्पन्नात राहूनही त्या देशाने आपल्याला मागून येऊन गाठले. ही तुलना एका वर्षाच्या विनिमय दरावर अवलंबून नाही.

चीनच्या बाबतीतही मुलांना मी हेच दोन रकाने शेजारी मांडायला सांगतो. १९९० मध्ये चीनचे दरडोई उत्पादन चालू डॉलरमध्ये, म्हणजे त्याच वर्षीच्या भावांनी आणि विनिमय दराने, भारतापेक्षा थोडे कमीच होते. आज ते आपल्या सुमारे पाच पट आहे. एवढेच छापले तर वाटते की शर्यत एका रेषेवरून सुरू झाली. पण त्याच वर्षी चीनमधील सरासरी आयुर्मान ६८ वर्षांच्या आसपास होते आणि आपले साठीच्याही आत. तिथे प्रौढांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोक साक्षर होते, तर १९९१ च्या जनगणनेत आपली साक्षरता ५२ टक्के भरली. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ हेच अनेक वर्षे सांगत आले आहेत. खिशातले पैसे सारखे असले, तरी शाळा आणि दवाखाना या शिदोरीत दोन्ही देश सारखे नव्हते.

आणखी एक साधे गणित इथे उपयोगी पडते. सुमारे २,५०० डॉलरच्या उत्पन्नात पाच टक्क्यांची भर म्हणजे १२५ डॉलर. साडेबारा हजारांच्या उत्पन्नात तेवढेच डॉलर एका टक्क्यात येतात. म्हणून वाढीचा दर आपला जास्त असतानाही दोन देशांमधले डॉलरचे अंतर वाढत राहू शकते, आणि पटीचे अंतर मात्र त्याच वेळी कमी होत असते. कोणते अंतर सांगत आहोत हे आलेखाखाली लिहिले नाही, तर एकाच माहितीवर दोन वक्ते परस्परविरुद्ध भाषणे करू शकतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत करतातही.

महाराष्ट्रापुरतेही एक सांगतो. राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची करण्याचे उद्दिष्ट वारंवार छापून येते. डॉलर ७० रुपयांना होता तेव्हा त्याचा अर्थ ७० लाख कोटी रुपये होता आणि ८५ रुपयांना झाल्यावर तो ८५ लाख कोटी झाला. म्हणजे राज्यात काहीही न बदलता उद्दिष्ट पंधरा लाख कोटींनी लांब गेले. दुसरीकडे महागाईने रुपयांतला आकडा आपोआप फुगतो आणि उद्दिष्ट जवळ आल्यासारखे भासते. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या माणसाला यांतले काहीच लागू पडत नाही. त्याच्यासाठी राज्याच्या आर्थिक पाहणीतला जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता अधिक कामाचा आहे, आणि तो क्वचितच छापला जातो.

संख्यावाचक शब्दांबद्दलही एक तक्रार आहे. हिंदी वृत्तसंस्थेच्या मजकुरातला 'खरब' मराठीत 'खर्व' होऊन येतो. हिंदीतला खरब म्हणजे शंभर अब्ज आणि आपला खर्व म्हणजे दहा अब्ज. एका अक्षराच्या फरकाने देश दहापट गरीब होतो. लाख कोटी हा शब्द सर्वांना कळतो, तोच वापरावा.

माझी विनंती मर्यादित आहे. देशांची तुलना करणारा कोणताही तक्ता छापताना आकडे कोणत्या वर्षाचे, प्रत्यक्ष की अंदाजाचे, बाजारातल्या विनिमय दराने की क्रयशक्तीच्या समतेने, चालू किमतींत की (महागाई वगळून) स्थिर किमतींत आणि एकूण की दरडोई, एवढे त्याच्याखाली बारीक टाइपात द्यावे. यासाठी बातमीदाराला वेगळे कष्ट पडत नाहीत, कारण मूळ तक्त्यावर हे सगळे लिहिलेलेच असते. त्याला फार तर दोन ओळी लागतात. मी कापून ठेवलेल्या त्या तक्त्याखाली दोन बोटे जागा कोरी आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक, सांगली