कंट्रोल रूममधल्या मॉनिटर आर्मविषयी मित्रास पत्र

रोहा,
रविवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतची तिन्ही कोटेशनं मिळाली. कंट्रोल रूमचे सहा डेस्क, प्रत्येकावर २४ इंची चार मॉनिटर, ते टेबलावर अधांतरी धरणारे धातूचे हात म्हणजे आर्म, आणि ‘यातले कुठले आर्म घेऊ ते सांग’ एवढंच तू विचारलंस. पण यातलं कुठलंच आज नक्की करू नकोस. आम्ही कॅटलॉग बघून ऑर्डर दिली आणि पुढे दोन वर्षं ती निस्तरत बसलो.

आमच्याकडे सगळे आर्म गॅस स्प्रिंगचे, म्हणजे आतल्या दाबलेल्या वायूवर मॉनिटरचं वजन तोलणारे आले. बोटाने ढकलला की मॉनिटर हवा तिथे जातो, म्हणून सगळे खूश होते. पण एका खुर्चीवर तीन पाळ्यांतली तीन माणसं बसतात. कोणी अलार्मचा स्क्रीन डावीकडे ओढायचा, कोणी शेजाऱ्याला दिसावा म्हणून फिरवून ठेवायचा. एका रात्री पाळी बदलली, नवा ऑपरेटर सवयीने समोर बघत राहिला आणि अलार्मचं पान त्याच्याकडे पाठ करून उभं होतं. टाकीची पातळी वाढल्याचं त्याला उशिरा कळलं. काही अनर्थ झाला नाही, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की अलार्म आणि मुख्य प्रोसेसचे स्क्रीन पक्क्या उंचीच्या, स्क्रूने आवळायच्या आर्मवर बसव. गॅस स्प्रिंग फक्त कडेच्या, रिपोर्ट आणि ईमेलच्या स्क्रीनला.

आता वजनाचं. विक्रेता सांगतो, ‘९ किलोपर्यंत चालतो.’ तू खालची मर्यादा विचार. स्टँड काढल्यावर २४ इंची मॉनिटर साधारण ३ ते ४ किलोचा उरतो. आमच्या आर्मची सुरुवातच त्याच्या वर होती. स्प्रिंग पूर्ण सैल केली तरी मॉनिटर आपोआप वर सरकत राहायचे. मॉनिटरच्या पाठीवरची आर्म बसवायची भोकं ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात आहेत ना, तेही बघून घे. काही स्वस्त मॉडेलांना ती नसतातच. आणि तुझ्या माणसांना एक गोष्ट बजावून सांग: मॉनिटर काढायचा असेल तर आर्म आधी पूर्ण वर न्यायचा. खाली दाबलेल्या आर्मवरून मॉनिटर सोडवला की तो झटक्यात उसळतो. आमच्या हेल्परचा ओठ असाच फाटला.

चार मॉनिटर सरळ रांगेत लावणार आहेस असं ड्रॉइंगवरून दिसतंय. तसं करू नकोस. एकेक मॉनिटर ५४ सेंटिमीटर रुंद. डोळे रांगेच्या मध्यापासून ७० सेंटिमीटरवर धरले, तर कडेच्या स्क्रीनचा मध्य १०७ सेंटिमीटर लांब जातो आणि तोही तिरका दिसतो. ऑपरेटर पाळीभर मान वळवून पुढे वाकतो. कडेचे दोन्ही आत वळवून कमान कर, म्हणजे चारही साधारण सारख्या अंतरावर येतात. पण कमानीसाठी आर्मचं कोपर मागे दुमडतं, तेव्हा डेस्क भिंतीला चिकटवू नकोस.

दोन मजली रचना मला मुळीच पटत नाही. वरच्या रांगेकडे बघताना हनुवटी उचलावी लागते, शिवाय समोरच्या भिंतीवरचा मोठा स्क्रीन झाकला जातो. आमच्याकडच्या एका ऑपरेटर काकांना निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा. जवळचं वाचायचं ते काचेच्या खालच्या भागातून, त्यामुळे समोरचा स्क्रीनसुद्धा ते रात्रभर मान मागे टाकून बघायचे. मानेला पट्टा लागला तेव्हा कुठे आम्हाला समजलं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी असं सगळेच सांगतात. काकांसाठी आम्ही ती आणखी खाली घेतली, स्क्रीन थोडा मागे कलता केला, आणि महिन्याभरात पट्टा सुटला. वेळीच विचारलं असतं तर, ही रुखरुख मला अजून आहे.

टेबलटॉप पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा असेल तर आत्ताच सांग. ४ किलोचा मॉनिटर ५० सेंटिमीटर बाहेर असला, तर आर्म टेबलाला आवळणाऱ्या ८ सेंटिमीटरच्या क्लॅम्पच्या कडेवर जवळपास २५ किलोचा दाब येतो. बोर्ड हळूहळू दबतो, क्लॅम्प सैल होतो, स्क्रीन झुकतो. वर-खाली लोखंडी पट्टी टाक. केबल आर्म पूर्ण ताणून मोजायची. आमच्या दोन केबल मॉनिटर ओढताना सॉकेटमधून निघाल्या होत्या.

कंट्रोल रूमच्या रचनेसाठी आयएसओ ११०६४ ही आंतरराष्ट्रीय मानकमाला आहे, तिचा चौथा भाग वर्कस्टेशनचा. तो मागवून वाच. पण त्याआधी पुठ्ठ्याचे चार मॉनिटर काप, खऱ्या मापाचे, आणि जुन्या टेबलावर काठ्यांनी उभे कर. सगळ्यात बुटक्या, सगळ्यात उंच आणि चष्मेवाल्या ऑपरेटरला प्रत्येकी तासभर बसव. रात्रपाळीतही बसव, कारण ट्यूबलाइटची चमक काचेवर तेव्हाच दिसते. ते जिथे बोट ठेवतील ती उंची आणि अंतर लिहून काढ आणि विक्रेत्यासमोर तो कागद ठेव.

डेस्कची खोली आणि मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मला कळव. १८ तारखेपासून माझी जनरल शिफ्ट आहे, त्या रविवारी येतो. पुठ्ठे कापून ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
होस्टेलचा रूममेट