खेळाडूची निवड त्याच्या मुख्य कामावर व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या २० जून २०२५ पासून लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यातील पाच कसोटींची मालिका सुरू होत आहे. फिरकीपटू रविचंद्रन अश्विन डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलिया दौरा अर्ध्यावर असतानाच निवृत्त झाला, मे महिन्यात रोहित शर्मा आणि विराट कोहली यांनी पाच दिवसांच्या अंतराने कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला आणि आता शुभमन गिलच्या नेतृत्वाखाली नवा संघ इंग्लंडमध्ये दाखल झाला आहे. संघ नवा असला तरी निवडीमागचा विचार मला जुनाच वाटतो आणि तो मालिकेपूर्वीच तपासला जावा, म्हणून हे पत्र.

गेल्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडविरुद्धची कसोटी पाहण्यासाठी आम्ही काही मित्र कोल्हापूरहून पहाटे निघून पुण्याजवळच्या गहुंजेला गेलो होतो. त्या दिवशी मिचेल सँटनरच्या एका फुलटॉसवर कोहलीचा त्रिफळा उडाला, तेव्हा भरलेल्या मैदानावर पसरलेली शांतता अजून आठवते. बंगळूरला पहिल्या डावात ४६ धावांत गारद झालेला आपला संघ पुण्यातही हरला आणि मायदेशातील सलग १८ मालिका विजयांची बारा वर्षांची साखळी तेथे तुटली. पुढे मुंबईतही हार झाली. ऑस्ट्रेलियात पर्थची कसोटी २९५ धावांनी जिंकूनही मालिका १-३ अशी गेली. पहिल्या दोन्ही जागतिक कसोटी अजिंक्यपद अंतिम सामन्यांत खेळलेला भारत यंदा लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात नव्हता, याचे कारण हेच.

या घसरणीचे खापर फलंदाजांवर फुटले आणि ते बऱ्याच अंशी योग्यही होते. पण ऑस्ट्रेलियात जसप्रीत बुमराहने एकट्याने ३२ बळी घेतले, दीडशेहून अधिक षटके टाकली आणि सिडनीच्या शेवटच्या डावात, पाठ धरल्यामुळे, त्याला चेंडूही हातात घेता आला नाही. ऑस्ट्रेलियाने १६२ धावा करून सामना आणि मालिका जिंकली. म्हणजे एक गोलंदाज बाजूला झाला की वीस बळी कोणी घ्यायचे, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नव्हते. तोच बुमराह या दौऱ्यात पाचही कसोटी खेळणार नाही, असे निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी संघ जाहीर करतानाच सांगितले आहे.

अशा वेळी फिरकीपटू कुलदीप यादवला पहिल्या अकरात घेण्याविषयी शंका असूच नये, असे माझे ठाम मत आहे. गेल्या वर्षी याच इंग्लंडविरुद्ध मायदेशातील मालिकेत त्याने चार कसोटींत १९ बळी घेतले आणि धरमशालेच्या पहिल्या डावात ७२ धावांत पाच गडी टिपले. तरीही शार्दूल ठाकूर की नितीशकुमार रेड्डी, जडेजाबरोबर वॉशिंग्टन सुंदर घ्यावा का, अशी फलंदाजीही करणाऱ्या गोलंदाजांचीच चर्चा अधिक ऐकू येते. तिच्या मुळाशी भीती आहे. वरच्या फळीवर भरवसा नाही, म्हणून आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाज हवा आणि त्याने दहा-बारा षटके टाकली की गोलंदाजीचेही भागेल, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब आपण इंग्लंडमध्येच मांडून पाहिला आहे. २०२१ मध्ये अश्विन जागतिक क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकाचा कसोटी गोलंदाज होता आणि तरीही त्या दौऱ्यातील चारही कसोटींत त्याला बाहेर बसवले गेले. त्या मालिकेत ओव्हलवर शार्दूलने दोन्ही डावांत अर्धशतके केली आणि आपण जिंकलो, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण राहिलेली पाचवी कसोटी २०२२ मध्ये एजबॅस्टनला झाली, तेव्हाही अश्विन बाहेर आणि शार्दूल आत होता. चौथ्या डावात इंग्लंडने ३७८ धावा केवळ तीन गडी गमावून काढल्या आणि आपण जिंकत आणलेली मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. इंग्लंडमध्ये फिरकीला वाव नसतो असे म्हणणाऱ्यांनी १९७१ चे ओव्हल आठवावे. तेथे भागवत चंद्रशेखरने ३८ धावांत सहा गडी बाद करून इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले आणि अजित वाडेकरांच्या संघाने तिथली पहिली मालिका जिंकली. चंद्रशेखरची फलंदाजी अगदीच कच्ची होती, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणी त्याच्याकडून धावांची अपेक्षा केली नाही.

वेगवान गोलंदाजांमध्ये डावखुऱ्या अर्शदीप सिंगचाही विचार व्हावा. २००७ मध्ये, म्हणजे इंग्लंडमध्ये आपण शेवटची मालिका जिंकली तेव्हा, ट्रेंट ब्रिजवर नऊ बळी घेणारा आपला झहीर खान डावखुराच होता.

फलंदाजांच्या निवडीतही मुख्य काम मागे पडताना दिसते. करुण नायरला परत बोलावले, याचा मला मनापासून आनंद आहे. २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा करणारा हा फलंदाज काही महिन्यांतच संघाबाहेर गेला. २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यात तो संघासोबत असूनही, शेवटच्या कसोटीत मागाहून बोलावलेल्या हनुमा विहारीला संधी मिळाली. यंदा विदर्भाला रणजी करंडक जिंकून देताना त्याने ८६३ धावा केल्या, तेव्हा कुठे दार उघडले.

जो न्याय करुणला मिळाला, तो सर्फराज खानला का नाही? प्रथम श्रेणीत पासष्टच्या आसपास सरासरी राखणाऱ्या या फलंदाजाने बंगळूरला दुसऱ्या डावात १५० धावा केल्या. पुढच्या चार डावांत मिळून त्याला २१ धावाच करता आल्या हे खरे, पण पुणे आणि मुंबईच्या त्या खेळपट्ट्यांवर किती जण टिकले होते? ऑस्ट्रेलियात त्याला एकही सामना मिळाला नाही आणि आता अठरा जणांतही जागा नाही. साई सुदर्शन गुणी आहे, रणजीत त्याने दिल्लीविरुद्ध द्विशतकही केले आहे. परंतु त्याच्या निवडीला आयपीएलमधील ७५९ धावांचे बळ नसते, तर प्रथम श्रेणीतील चाळिशीच्या आतील सरासरीवर तो सर्फराजच्या पुढे गेला असता का, हा प्रश्न विचारणे गैर ठरू नये.

कोल्हापूरच्या माणसाला हे अधिक लागते, त्याला कारण आहे. आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विक्रम अवघ्या काही फटक्यांवर असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. प्रथम श्रेणीत चारशेचा टप्पा ओलांडणारे ते आजही एकमेव भारतीय आहेत आणि त्यांना एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१२ मध्ये ते गेले, तोवर या शहरातील दोन-तीन पिढ्या ही हळहळ ऐकत मोठ्या झाल्या होत्या. शास्त्रीनगरच्या मैदानावर आज भर उन्हात नेटमध्ये घाम गाळणाऱ्या मुलाने रणजीत धावा करून काय मिळते असे विचारले, तर त्याला सांगायला आमच्याकडे ठोस काही हवे. खासबागेत जोड लावताना पैलवानाने आधी कोणाला आणि किती मिनिटांत चितपट केले हे पाहिले जाते. त्याची अंगकाठी कशी दिसते, यावर मानाची कुस्ती ठरत नाही.

यंदा विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा विक्रम केला. तो तूर्त भारत ‘अ’ संघात आहे. पुढच्या मायदेशातील मालिकेच्या निवडीत त्याच्या नावाची चर्चा या ६९ बळींपासून सुरू व्हावी आणि त्याआधी, शुक्रवारी नाणेफेकीच्या वेळी गिलच्या हातातील यादीत कुलदीपचे नाव असावे, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत निवड समिती आणि संघ व्यवस्थापनापर्यंत पोहोचवावीशी वाटते.

आपला,
एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर