मीनूस, दिल्लीला

चि. मीनू,
अनेक आशीर्वाद.

नेमणुकीचं पत्र मी मोठ्याने वाचलं. ‘राष्ट्रपती सचिवालय’ एवढे दोन शब्द आजीने पुन्हा वाचून घेतले आणि संध्याकाळपर्यंत आळीभर बातमी. मला मात्र तुला एकच सांगायचंय. न वाचता कशावर सही करू नकोस.

राष्ट्रपती भवन ही वास्तूच तशी आहे गं. १९११ साली राजधानी दिल्लीला न्यायचं ठरलं, रायसीना-मालचाच्या लोकांच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि व्हाइसरॉयसाठी ३४० खोल्यांचा महाल उभा राहिला. तो बांधणाऱ्या ल्युटेन्सने १९१३मध्ये टेकडीच्या चढाला संमती देऊन टाकली. पुढे लक्षात आलं, की चढून येणाऱ्याला मधेच घर दिसेनासं होतं. शेजारच्या सचिवालयांच्या इमारती बांधणाऱ्या बेकरशी वर्षानुवर्षं भांडला, पण चढ तसाच राहिला. विजय चौकात उभी राहून बघ, घुमटच तेवढा दिसेल.

आणि २५ जून १९७५ची रात्र. आणीबाणीच्या घोषणेवर सही तिथेच झाली; मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी तेव्हा तिसरीत. आप्पा रेडिओला कान लावून बसलेले, बशीत ओतलेला चहा तसाच, सायीचा पापुद्रा धरलेला. आईने विचारलं तर हातानेच ‘थांब’ म्हणाले. त्यांना तसं गप्प मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

झालं, भाषणच ठोकलं. रागावू नकोस. तुझ्या टेबलावर रजेचे अर्ज नि बिलंच येणार, हे मला कळतं. तरी बिलसुद्धा वाच.

चांगलंही तिथेच घडलंय. राजाजी गव्हर्नर जनरल झाले, तेव्हा व्हाइसरॉयच्या खोल्या सोडून पाहुण्यांच्या बाजूच्या साध्या खोल्यांत राहिले. २६ जानेवारी १९५०ला राजेंद्रबाबूंनी दरबार हॉलमध्ये शपथ घेतली. त्याला आता गणतंत्र मंडप म्हणतात. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाच वर्षं तिथे राहिल्या. आणि आता तू. दादा म्हणतो, बाबा पोस्टमनलाही थांबवून सांगतात. सांगतो, मग!

साहेब घाईत असले, ‘नुसती सही कर’ म्हणाले, तर ‘पाच मिनिटं द्या सर’ म्हणायचं. आवाज चढवायचा नाही, पण कागद वाचून होईपर्यंत पेन उघडायचं नाही. त्यावरून कोणी नाराज झालं तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

स्वेटर आईने बॅगेत तळाशी ठेवलाय. वन्संचा फोन उचलत जा, मागचं काढू नकोस.

तुझे,
बाबा