टाळूची तारीख नको, डोक्याचा घेर बघा

महोदय,

दीड वर्षाच्या बाळाची टाळू भरली नाही की घरात कॅल्शियमची बाटली येते. सहाव्या महिन्यातच भरली की चालू असलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब बंद होतात. दोन्ही निर्णय बहुतेकदा चुकतात, कारण त्यामागे एकच गृहीतक असते: टाळूला ठरलेली तारीख आहे.

तशी तारीख नाही. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली न भरलेली मऊ जागा. जन्मतः कवटीत अशा सहा जागा असतात, त्यांतल्या दोनच हाताला सहज लागतात. मागची त्रिकोणी टाळू बहुधा दोन महिन्यांत मिटते. पुढची, शंकरपाळ्याच्या आकाराची, जन्मतः सरासरी दोन सेंटिमीटरची असते. पहिल्या वाढदिवसाला जेमतेम दहापैकी चार बाळांची ती भरलेली असते, दोन वर्षांपर्यंत जवळपास सगळ्यांची भरते. एखाद्या निरोगी बाळाची चौथ्या महिन्यातही भरू शकते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर ते जितके आठवडे आधी जन्मले तितके वजा करून वय धरावे.

लवकर भरली म्हणजे मेंदूची वाढ अडली, हा समजही काढून टाकायला हवा. टाळू मिटली तरी कवटीच्या हाडांमधले मुख्य सांधे पुढे वर्षानुवर्षे जुळून घट्ट होत नाहीत. डोके वाढते ते तिथे. म्हणून टाळूपेक्षा टेपवर भिस्त ठेवावी. न ताणणारी टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून न्यावी. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहावा. शिवणकामाची जुनी, सैल झालेली टेप अर्धा सेंटिमीटर सहज चोरते, आणि सहा महिन्यांनंतर महिन्याची वाढच सुमारे अर्धा सेंटिमीटर असते! जन्मानंतरच्या पहिल्या तिमाहीत ती महिन्याला साधारण दोन, दुसऱ्या तिमाहीत एक सेंटिमीटर असते. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. वाढीच्या तक्त्यावरची रेघ वर चढते की आडवी होते, ते पाहायचे.

टाळू तपासताना बाळ शांत आणि उभे धरलेले हवे. आडवे असताना किंवा रडताना ती एरवीही फुगू शकते. बोटाचे टोक न रुतवता सपाट भाग ठेवावा. सपाट किंवा किंचित आत वळलेली टाळू नेहमीची, ठोक्यासारखी उडणारीही नेहमीचीच. स्पष्ट खोल गेलेली असेल, तोंड कोरडे असेल आणि लघवी कमी झाली असेल तर अंगातले पाणी कमी झाले आहे. शांत बसलेल्या बाळाची टाळू ताठ फुगलेली असेल आणि ताप, उलट्या किंवा गुंगी असेल तर उद्यापर्यंत थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

उशिरा भरण्याच्या कारणांत मुडदूस (ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडे मऊ होणे) आहे, पण त्यात मनगटे रुंदावलेली, पाय वाकलेले अशा इतर खुणाही सापडतात. कमी थायरॉइडमध्ये हाडांची वाढच मंदावते. मागची टाळू मोठी, कावीळ लांबलेली, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा असे चित्र असेल तर रक्ततपासणी ताबडतोब हवी, कारण उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर बुद्धीचे नुकसान बहुतांशी टळते. घेर भराभर वाढतोय आणि टाळू रुंदावतेय, तर डोक्यात पाणी साठते आहे का हे सोनोग्राफीत दिसते. उघडी टाळू हीच त्या तपासणीची खिडकी. यांपैकी काहीच नसेल आणि बाळ वेळेवर बसत, उभे राहत असेल, तर दोन वर्षांपर्यंत वाट पाहायला हरकत नाही.

उघडी टाळू मात्र नेहमीच दिलासा देत नाही. सांधा अकाली जुळलेला असतानाही ती उघडी राहू शकते. डोके लांबट किंवा एका बाजूला तिरके दिसत असेल आणि सांध्यावर टणक उंचवटा लागत असेल, तर टाळू उघडी आहे म्हणून थांबू नये. अकाली जुळलेल्या सांध्यावरच्या शस्त्रक्रियेची योग्य वेळ बहुधा पहिल्या वर्षातच असते.

– एक बालरोगतज्ज्ञ