चाकणच्या गोदामातल्या काकांना

काका, नमस्कार.

मागच्या आठवड्यात चाकणला माल भरायला आलो, तर तुमच्या खुर्चीवर दुसराच माणूस. काका नोकरी सोडून गावी गेले, राजगुरुनगरच्या पुढे कुठंतरी, एवढंच कळलं. नंबर कुणाकडे नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. भावकीतल्या कुणाच्या नजरेला पडलं तर तुमच्यापर्यंत पोचेल.

मी बत्तीस फुटी कंटेनरवाला. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला बंगळुरूचा माल भरून बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही करायला तुमच्या टेबलाशी आलो होतो. कागद हात लांब करून धरला होता, ते तुम्ही बघितलं. काही विचारलं नाही. डोळ्यांवरचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि माझ्यापुढे धरला. म्हणालात, "प्रिंटरची शाई संपत आलीय, मलाही नीट दिसत नाही. हा लावून बघ. वाचल्याशिवाय सही करू नको."

शाई चांगली होती काका. चष्मा लावल्यावर कळलंच ते मला. मागे चार-पाच ड्रायव्हर उभे होते, त्यांच्यासमोर तुम्ही माझी लाज राखलीत.

बिल्टीत पेट्या होत्या २४०. मी भरताना मोजलेल्या २३६. तुम्ही हमालांना परत बोलावलंत आणि धक्क्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिलेल्या चार पेट्या सापडल्या. कुणी कुणावर ओरडलं नाही. पेट्या चढल्या, सील लागलं, मी निघालो.

त्या चार पेट्यांचं मोल मला ठाऊक आहे, कारण त्याआधी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी अशीच न वाचता सही केली होती. उतरवताना तीन पेट्या कमी निघाल्या आणि भाड्यातून ३१,००० रुपये कापले. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तीनदा गेलो. तिन्ही वेळा एकच उत्तर, "सही तुझीच आहे ना?" होती माझीच. पण "आटप लवकर, मागे गाड्या थांबल्यात" म्हणत कागद पुढे सरकवला कुणी, हे एकानेही विचारलं नाही. त्या वर्षी पोरीची डिप्लोमाची फी मी उसनवारीवर भरली.

लायसन्सच्या मेडिकल फॉर्ममध्ये २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, ते बघतात. ती मला आजही स्वच्छ दिसते. हातातल्या कागदाचं कुणी विचारत नाही. वय ४७, ड्रायव्हरला चष्मा लागला म्हटल्यावर मालवाली पार्टी माल द्यायची नाही, या धास्तीने मी बायकोलासुद्धा बोललो नव्हतो.

त्या खेपेहून आल्यावर पहिलं काम केलं ते निगडीत चष्मा बनवण्याचं. आता तो खंडोबाच्या फोटोशेजारी असतो. दिवाळीनंतर हुबळीजवळ क्लच प्लेट गेली, तीन दिवस तिथेच. पुणे-बंगळुरू साधारण ८४० किलोमीटर, दर २०० ला एक दिवस धरून ई-वे बिलाला, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या कागदाला, ५ दिवस मिळतात. मुदत त्याच रात्री संपत होती, ते मी स्वतः वाचलं आणि ऑफिसला फोन करून वाढवून घेतली. आधीचा मी असतो तर तसाच निघालो असतो आणि पुढच्या तपासणीत गाडी अडकली असती.

गेटवर दहा-दहा तास उभं करून प्यायला पाणी न विचारणारी माणसं आम्हाला रोज भेटतात. त्यांची सवय झालीय. त्यामुळेच असेल, पण तुम्ही चष्मा देण्याआधी तो पुसलात, ते डोळ्यांपुढून हलत नाही. मळक्या कपड्यातल्या ड्रायव्हरला आपली वस्तू देताना ती स्वच्छ करून द्यावी असं तुम्हाला वाटलं. माझ्या बावीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत असं कुणी केलं नव्हतं.

तुमच्या चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली होती. मी एक नवी फ्रेम घेऊन ठेवलीय, गाडीतच आहे. राजगुरुनगरवरून महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. गाव कोणतं तेवढं कळवा.