गाडीला गॅस बसवायचा नाही

पुणे, रविवार

ती. बाबा, ती. आई,
साष्टांग नमस्कार.

आधी कबुली देते, मग कारणं सांगते. कोल्हापूरच्या फिटरला काल फोन करून गाडीचं एलपीजीचं काम मी रद्द केलं. तुम्हाला न विचारता. बयाण्याचे २,००० तो परत करणार आहे. रागवायचं तर रागवा, पण पत्र पुरं वाचून. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं, बघू" म्हणाला असतात, आणि तुमचं "बरं, बघू" म्हणजे काय ते मी ओळखून आहे.

बाबा, तुमचा हिशोब तसा चुकीचा नाही, फक्त तुम्ही लिटरशी लिटर ताडून पाहिलात. द्रव एलपीजी पेट्रोलपेक्षा वजनाला हलका, त्यामुळे त्याच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी ऊर्जा असते. आपली गाडी पेट्रोलवर १४ देते, ती गॅसवर ११ देईल. पेट्रोल १०५ धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये. गॅसचा तुम्ही सांगितलेला ६५ चा भाव धरला तर ५ रुपये ९० पैसे. किलोमीटरमागे वाचले १ रुपया ६० पैसे. पावसहून रत्नागिरीला आईच्या फिजिओथेरपीच्या फेऱ्या, बाजार, देऊळ मिळून महिन्याला ४०० किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाला साडेसात हजार सुटतात. त्यातून गॅसचा फिल्टर, ट्युनिंग, किटच्या किमतीवर वाढणारा विम्याचा हप्ता आणि गॅस भरायला मारलेली वाकडी वाट वजा करा. हातात उरले साडेपाच हजार. आरटीओसकट ४२,००० चं किट फिटायला साडेसात वर्षं लागतील. साडेसाती म्हणाल आता! गाडी २०१२ ची आहे. २०२७ ला नोंदणीची १५ वर्षं भरतात, मग तपासणी, हरित कर, सगळं आलं. गाडीने आधी तेवढं जगायला हवं ना? रोज १०० किलोमीटर पळणारी वडाप असती तर मीच म्हटलं असतं, बसवून टाका.

तो दुसरा माणूस निम्म्या पैशात करून देतो म्हणाला, त्याचं किट मिक्सरवालं आहे. कार्बोरेटरच्या गाड्यांना ते चालायचं. आपल्या गाडीला इंजेक्टर आहेत आणि इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या, प्लॅस्टिकचं. मिक्सरमुळे सगळ्या मॅनिफोल्डमध्ये गॅस भरून राहतो. एक प्लग जरी चुकला तरी जाळ उलटा त्यात जातो आणि मॅनिफोल्ड नाहीतर फिल्टरचा डबा फाटतो. चढावर असा भडका उडतो तेव्हा आवाज फटाक्याचा येतो. आणि बाजारात कुणी घरचा लाल सिलिंडर लावून द्यायची गोष्ट काढली असेल, तर त्याच्याकडे चहासुद्धा घेऊ नका. कायद्याने बंदी आहेच. शिवाय गाडीच्या टाकीत ८० टक्क्यांवर भरणं आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह असतो, कारण द्रव गॅस तापला की फुगतो. घरच्या सिलिंडरला तसलं काही नसतं.

आता टाकी कुठे बसणार ते बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी मेदूवड्याच्या आकाराची टाकी तुम्ही पसंत केलीत. ३५ लिटरची म्हणजे भरणार २८. ती तिथे गेली की स्टेपनी डिकीत उभी राहते, मग आईचा वॉकर मागच्या सीटवर, आणि आईने पाय लांब करायचा कुठे? एकदा डिकीचं मॅट उचला, स्टेपनी काढा आणि खड्ड्याच्या तळाशी बोट फिरवा. बोट तांबडं होईल. गणपतीत आले होते तेव्हा मी बघितलंय, रबरी बुचाभोवतीचा पत्रा पापडासारखा झालाय. टाकीचे बोल्ट त्याच पत्र्यातून जाणार, आणि गळती झाली तर गॅस बाहेर काढणाऱ्या नळीसाठी तिथेच भोक पाडणार. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस त्या भोकाला सोडेल का?

इंजिनाचंही सांगते. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्हला ठेवलेली फट बंद होत जाते, कॉम्प्रेशन उतरतं, आणि गाडी सकाळी थरथरायला लागते. पेट्रोलही सुटत नाहीच, गाडी चालू पेट्रोलवरच होते आणि कूलंट तापल्यावर गॅसवर जाते. मग लोक टाकीत दोनच लिटर ठेवतात. बऱ्याच गाड्यांत गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच, ते नसलं की तो जळतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आपल्या दमट हवेत ते महिनोन्महिने पडून राहिलं की पाणी ओढतं.

आता खरं कारण. हे लिहायचं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. गाडी ठेवतो तो आपला मांगर खळ्यापेक्षा, म्हणजे अंगणापेक्षा, वीतभर खाली, तीन बाजूंनी जांभ्याच्या भिंती, पावसाळ्यात चौथीकडे ताडपत्री. आणि पलीकडे हाताच्या अंतरावर न्हाणीची चूल, जिच्यात तुम्ही साडेपाचला नारळाची सोडणं पेटवता. टाकीची मला भीती नाही, ती दणकट असते. पाइपाच्या सांध्यातून सुटलेल्या गॅसची आहे. तो ओळखता यावा म्हणून त्यात वास मिसळलेला असतो. आणि बाबा, त्या आजारपणानंतर तुम्हाला पिकल्या फणसाचासुद्धा वास येत नाही. आईने सांगितलं, तिला बोलू नका. होईल हळूहळू बरं, डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. पण तोवर नको.

तुम्ही हे कुणासाठी करत होतात ते मला कळतं हो. पेट्रोलचे पैसे पोरीकडून घ्यायचे नाहीत म्हणून. स्कूटर बंद पडली की एका बाजूला कलंडून पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलायला तुम्हीच शिकवलंत मला, आठवीत. त्या एका युक्तीवर मी आज दुसऱ्यांच्या गाड्या उघडून पोट भरते. महिन्याला ३,००० आईच्या खात्यावर टाकणार आहे, तुमच्या नाही. आंब्याच्या पेट्या पाठवता तेव्हा मी कधी बिल मागते का? तीच गोष्ट समजा. कुणाकडे काही मागायचं नाही, दादाकडे तर मुळीच नाही.

त्याऐवजी एवढं करा. सोमवारीच करा, "बघू" नाही. टायरची हवा थंड टायरला, दाराच्या खांबावर लिहिली आहे तेवढी. एअर फिल्टर बदलून घ्या. प्लग काढून बघायला सांगा, गॅप वाढलेला असला तर चारही नवे घाला. पेट्रोलचे रबरी पाइप वाकवून बघायला सांगा, बारीक चिरा दिसल्या तर इथेनॉलला चालणारेच घालायचे. पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली नेऊ नका. बॅटरीची टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावा. स्टेपनीचा खड्डा मी दिवाळीत येऊन घासून रंगवते, तुम्ही वाकू नका. डिकीतले नारळ तेवढे काढून ठेवा, ४० किलो उगाच फिरवताय.

आई, गुडघ्याला शेक सकाळ-संध्याकाळ. आणि पुढची सीट पूर्ण मागे घेऊन बसत जा, बाबांना घाई असली तरी.

तुमची,
बाय

ता. क. कुरिअरने गॅसगळतीचा अलार्म येईल. तो स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसाठी आहे. बाबा, छताजवळ लावू नका. जमिनीपासून फूटभर उंचीवर, शेगडीच्या बाजूच्या प्लगला. आणि त्याच्यापुढे पिंप सरकवून ठेवू नका.