वरळीच्या नव्या घराबद्दल

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फर्निचरवाल्याने पाठवलेलं चित्र पाहिलं आणि हे फोनवर बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं वाटलं. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत तुम्ही आमचं सगळं केलंत. आता ५०० चौरस फूट मिळालेत, ते तुमच्या मनासारखेच लागले पाहिजेत.

चित्रात सोफा एका भिंतीला, समोर टीव्ही आणि बाकीच्या खुर्च्या ओळीने. एवढं मात्र करू नका. १९५०च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका इस्पितळाने म्हाताऱ्या बायकांचा वॉर्ड नवा रंग, नव्या खुर्च्या देऊन सजवला. तरी कुणी कुणाशी बोलेना. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की खुर्च्या भिंतीला लावून ओळीत ठेवल्यात, मग बोलणार कसं? त्यांनी त्या छोट्या टेबलांभोवती मांडायला लावल्या आणि काही आठवड्यांत गप्पा जवळपास दुप्पट झाल्या.

आपल्याकडे हे काम पॅसेज करायचा. दार सताड उघडं, आई उंबऱ्याशी मेथी निवडत बसलेली, नळावरून येणारी कुणीतरी हंडा खाली ठेवून दोन मिनिटं टेकायची आणि जाता जाता चार काड्या निवडून द्यायची. टॉवरमध्ये दार लोटलं की माणसं संपली. म्हणून बसायची जागा खिडकीपाशी, काटकोनात करा. बाबांना डाव्या कानाने नीट ऐकू येतं, तर आईचा दिवाण त्यांच्या डाव्या हाताला हवा. आल्यागेल्यासाठी एक रिकामी खुर्ची तिथेच कायम असू दे. टीव्ही बाजूच्या भिंतीवर गेला तरी चालेल.

फॉल्स सीलिंगच्या दिव्यांवर पैसे घालू नका. वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्याचं भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाबांच्या खुर्चीमागे पेपर वाचायला चांगला दिवा घ्या, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद पिवळा उजेड राहू दे. बाथरूममध्ये पांढऱ्या भिंतीवर पांढरा दांडा नको, गडद रंगाचा घ्या, म्हणजे हात पटकन जाईल.

आणि आई, तुझं कपाट नव्या घरात शोभत नाही असं फर्निचरवाला म्हणाला, म्हणून तू लगेच गप्प बसलीस. बसू नकोस. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञ बायकांनी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात हेच करून पाहिलं होतं. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमची खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, हे रोप घ्या आणि तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोपाला पाणीसुद्धा नर्स घालायची. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त आनंदी आणि तरतरीत राहिली. तुमच्या घरात शेवटचा शब्द तुमचाच असावा. त्याचाही नको आणि माझाही नको.

त्याला ॲडव्हान्स इतक्यात देऊ नका. आहेत त्याच खुर्च्या सरकवून सकाळ-संध्याकाळ बसून बघा. बरं वाटेल तिथे खडूने खूण करून ठेवा, शनिवारी टेप घेऊन येते.

तुमची,
सुमी